दशमीची संध्याकाळ, एकादशीची पहाट आणि डासांच्या वेळा

ज्यांना पंढरपूरला जाणं जमत नाही अशा मुंबईकरांचं पंढरपूर वडाळ्याला आहे. आषाढीला शहराच्या कानाकोपऱ्यातून दिंड्या वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराकडे निघतात. आमची दिंडी दशमीला दुपारी चारच्या सुमाराला भांडुपहून निघते, एलबीएस रस्त्याने विक्रोळी, घाटकोपर करत रात्री कुर्ल्याला मुक्कामाला येते आणि एकादशीला उजाडायच्या आत शीव-माटुंग्याच्या वाटेला लागते. पंढरीच्या वाटेपुढे हे अंतर काहीच नाही. पण पाऊस असतो, घाम असतो, आणि चालणाऱ्यांत सत्तरीच्या आज्यांपासून कडेवरच्या लेकरांपर्यंत सगळे असतात. वीणा बुवांच्या गळ्यात, पखवाज काकांच्या गळ्यात आणि औषधांची पिशवी माझ्या खांद्याला, अशी आमची वाटणी आहे. पायाच्या फोडांसाठी पट्ट्या, ओआरएस, पॅरासिटामॉल हे त्या पिशवीत असतंच. पण अर्धी पिशवी मी डासांसाठी भरते. पायाचे फोड चार दिवसांत बरे होतात. डेंग्यूचं तसं नाही.

डास म्हटलं की आपल्याला रात्र आठवते. झोपताना मच्छरदाणी लावली, कॉइल पेटवली की आपलं काम झालं असं वाटतं. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस रात्री चावतो हे खरं, गटारातला क्युलेक्सही रात्रीचाच. पण डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवणारा एडिस, तो पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास, दिवसा चावतो. त्याचा जोर सकाळी उजाडल्यानंतरच्या दोन-तीन तासांत आणि सूर्य मावळण्याआधीच्या काही तासांत सगळ्यात जास्त. आता आमच्या दिंडीची वेळ बघा. दशमीची संध्याकाळ रस्त्यावर, रात्र हॉलमध्ये सतरंजीवर, एकादशीची सकाळ दर्शनाच्या रांगेत. एकाही डासाची वेळ आम्ही चुकवत नाही. म्हणून क्रीम लावायचं ते मुक्कामाला पोचल्यावर नव्हे, भांडुपहून निघतानाच. हे मी दरवर्षी ओरडून सांगते आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, "ताई, अजून तर ऊन आहे!"

चालणाऱ्या माणसाकडे डास जास्त येतात, त्यालाही कारण आहे. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामातलं लॅक्टिक आम्ल यांच्या मागावर डासाची मादी येते. चावते ती मादीच, अंडी घालायला तिला रक्त लागतं. दिंडीत अभंग म्हणत, टाळ वाजवत, नाचत जाणाऱ्या शंभर माणसांचा श्वास आणि घाम एकत्र असतो. चालताना डास तितके टेकू शकत नाहीत, पण दिंडी चहाला थांबली, अभंगाला रेंगाळली की पोटऱ्यांवर, घोट्यांवर बसतात. एडिसला खालचे पायच आवडतात.

वारकऱ्यांचा वेश या बाबतीत फार उपयोगी आहे. पांढरं धोतर, पूर्ण बाह्यांचा सैल नेहरूशर्ट, डोक्याला टोपी. गडद रंगाकडे डास जास्त आकर्षित होतात, आणि अंगाला चिकटलेल्या कपड्यातून त्यांची सोंड सहज आत जाते. सैल, फिकट कपड्यात या दोन्ही गोष्टी टळतात. तरुण मुलं मात्र हल्ली काळे टीशर्ट आणि हाफपँट घालून येतात. त्यांना मी निघण्याआधीच सांगते, निदान एक दिवस तरी धोतर नेसा रे, नाहीतर पांढरा लेंगा घाला. बायकांचं जास्त अवघड. नऊवारीत पोटऱ्या उघड्या, चोळीखाली पाठ-कंबर उघडी, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन धरलं की दोन्ही हात वर, म्हणजे डास हाकलायलाही हात मोकळा नाही. वृंदावन घेणाऱ्या बायकांना म्हणून मी आधी गाठते. कंबर, पाठीचा उघडा भाग, पोटऱ्या, पाऊल, बोटांच्या मधली जागा, सगळीकडे पातळ थर लावायचा. क्रीम जिथे लावलं तिथेच काम करतं, वीतभर बाजूला डास निवांत चावतो. मनगटात घालायचे वासाचे पट्टे आणि लेकरांच्या शर्टाला चिकटवायचे स्टिकर यांच्यावर मी विसंबत नाही, ते त्याच कारणाने.

तुळस जवळ असली की डास येत नाहीत असं आमच्या मावश्या ठामपणे म्हणतात. तुळशीच्या पानातल्या तेलाला डास थोडा वेळ टाळतात, पण त्यासाठी ते तेल अंगाला लागायला हवं. डोक्यावरच्या रोपामुळे पोटऱ्या वाचत नाहीत. सिट्रोनेला आणि कडुनिंबाच्या तेलाचंही तसंच, परिणाम होतो पण लवकर उडून जातो. बाटलीवर बघायचं ते आतल्या औषधाचं नाव. डीट, पिकारिडिन (याला इकारिडिनही म्हणतात), आयआर3535, लिंबाच्या वासाच्या निलगिरीपासून काढलेलं पीएमडी, यांचा परिणाम तपासलेला आहे. आपल्याकडच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या क्रीममध्ये डायइथाइल बेंझामाइड असतं, तेही चालतं. डीटचं प्रमाण जास्त म्हणजे औषध जास्त जालीम असं नाही, ते जास्त वेळ टिकतं इतकंच. 10 टक्क्यांचं साधारण दोन तास, 20 ते 30 टक्क्यांचं बरेच तास. पण हे कोरड्या अंगाचं गणित आहे. आषाढात घामाने आणि सरींनी ते धुऊन जातं, म्हणून सर ओसरली की अंग पुसून परत लावायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीही लावायचं नाही, त्याला झोळीवर किंवा गाडीवर जाळी टाकायची. पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना नको. मोठ्या मुलांनाही आपल्या हाताने लावायचं, त्यांच्या तळहातावर द्यायचं नाही, कारण हात लगेच डोळ्यात-तोंडात जातो.

वारीत आणखी एक गोष्ट आहे जी कुठल्याही डबीवर लिहिलेली नसते. आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. लहान-मोठं काही बघत नाही, "माउली" म्हणून वाकतो, पायाला हात लावतो आणि तो हात कपाळाला, डोळ्यांना लावतो. पायाला क्रीम, मग हाताला, मग डोळ्यांना. एकदा एका मुलीचे डोळे चुरचुरून लाल झाले तेव्हा हे माझ्या लक्षात आलं; पाण्याने भरपूर धुतल्यावर थांबलं. पाया पडणं थांबवा असं मी कुणालाही सांगणार नाही, ती तर वारी आहे. मग आम्ही असं ठरवलं की क्रीम निघण्याआधी लावून वाळू द्यायचं, गोपीचंदन आणि बुक्का लावायची कपाळाची जागा मोकळी ठेवायची, आणि राजगिऱ्याचा लाडू किंवा प्रसाद हातात घेण्याआधी प्रत्येकाच्या हातावर पाणी घालायचं. हे पाण्याचं काम आता पोरं आवडीने करतात. टाळकऱ्यांनी आणि वीणेकऱ्यांनी तळहात पुसून घ्यावेत, नाहीतर टाळाची दोरी निसटते. डीटने प्लास्टिक खराब होतं, तेव्हा चष्म्याच्या काचा आणि घड्याळही सांभाळा.

दिंडीत एक आजी आहेत. कितीही सांगा, क्रीम लावून घेत नाहीत. म्हणतात, "अगं, माझं रक्त कडू आहे. मला डास चावतच नाहीत." मी त्यांच्याशेजारी बसून त्यांच्या घोट्यावरचा डास त्यांनाच दाखवला. वर्षानुवर्षं चावे घेतलेल्या अंगावर पुष्कळदा गांधी उठत नाही, खाज येत नाही. कळत नाही म्हणून चावलाच नाही असं होत नाही, आणि विषाणू काही गांधी उठायची वाट बघत नाही. आजींनी शेवटी पाय पुढे केले. मी क्रीम लावलं आणि पाया पडले.

कुर्ल्याच्या मुक्कामाला पोचलं की मी आधी जेवणाकडे नाही, पाण्याकडे जाते. हॉलच्या मागे हातपाय धुवायला भरून ठेवलेली पिंपं, त्यांना झाकण आहे का, नसेल तर धोतराचं फडकं बांधायचं. एडिसला स्वच्छ साचलेलं पाणी लागतं आणि फार थोडं लागतं; करवंटी, टायर, कुंडीखालची ताटली, ताडपत्रीची घडी पुरते. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस. म्हणजे आमच्या एका रात्रीच्या पाण्यात आमचा डास तयार होणार नाही. पण स्वागताचे मांडव आठ-दहा दिवस आधी उभे राहतात, त्यांच्या ताडपत्रीत पाऊस साठतो, आणि त्या पाण्यातले डास बरोबर एकादशीला पंख पसरतात. म्हणून मांडव घालणाऱ्या ओळखीच्या मंडळांना मी आधीच फोन करून सांगते, ताडपत्रीला उतार द्या, खोलगट भाग काठीने रोज रिकामा करा.

मुंबईला ही गोष्ट नवी नाही. 1911 मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला, त्यात दोष शहरातल्या विहिरींकडे आणि टाक्यांकडे जात होता. अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी हा डास तिथे वाढत होता. पुढे विहिरी झाकायच्या, बुजवायच्या यावरून शहरात बरीच खळबळ झाली. आज विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आहे, डास मात्र तोच आहे. रात्री हॉलमध्ये गुणगुणणारा डास कदाचित आपल्याच डोक्यावरच्या टाकीतून आलेला असतो. टाकीचं झाकण घट्ट असणं हे मच्छरदाणीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि हे मुक्कामाची जागा ठरवतानाच बघून घ्यायला हवं.

झोपताना लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं आधी मच्छरदाणीत. खांबाला खांब दोरी बांधून आम्ही मोठ्या जाळ्या लावतो. कड सतरंजीखाली खोचायची, आणि अंग जाळीला टेकू द्यायचं नाही, कारण टेकलेल्या जागी डास बाहेरून चावतो. बाकीच्यांना पंखा. डास फार हलके, पंख्याच्या वाऱ्यात त्यांना नीट उडता येत नाही, आणि वाऱ्याने आपला श्वासही पांगतो. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर हवा असेल तर बाहेर अंगणात, संध्याकाळी. बंद हॉलमध्ये कॉइल पेटवून पन्नास माणसं झोपवणं मला अजिबात पटत नाही. दम्याच्या माणसाची रात्र खोकण्यात जाते.

ट्यूबलाइटखाली पावसाळ्यात मुंगीसारखा लांबट, लाल-काळा किडा येतो. तो चावत नाही. पण अंगावर चिरडला की त्यातल्या रसाने कातडी भाजल्यासारखी होते, दुसऱ्या दिवशी फोड येतात. फुंकून किंवा कागदाने उडवायचा, हात लागला तर साबणाने धुवायचा, आणि झोपायच्या जागेवरचा दिवा बंद करायचा.

पहाटे काकडा झाला की आम्ही निघतो. शीव, किंग्ज सर्कल, माटुंगा. फाइव्ह गार्डन्सच्या मोठ्या झाडांखाली आल्यावर सगळ्यांना बसावंसं वाटतं, आणि तेवढ्यात उजाडतं. एडिसची वेळ झाली. ओल्या गवतावर नुसतं बसू नका, खाली चादर घाला. तिथेच मी परत एकदा पिशवी उघडते. पुढे रांगेत किती तास जातील सांगता येत नाही, आणि पांडुरंगाचं मुख दिसल्यावर पायाकडे कुणाचं लक्ष जातं? तेव्हा आधीच लावलेलं बरं.

चावा बसलाच तर थंड पाण्याची पट्टी आणि कॅलामाइन, खाजवायचं नाही. मधमाशी चावली तर नांगी नखाने लगेच खरवडून काढायची. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर तिथे कुठलाही घरगुती उपाय नको, 108 ला फोन. पायाला जखम घेऊन तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल, तर डासांखेरीज लेप्टोचाही (उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका असतो; त्यासाठी ताप यायच्या आधीच, लवकरात लवकर डॉक्टरांना विचारायचं, ते गोळी द्यायची की नाही ठरवतील.

वारी संपली तरी माझं काम दोन आठवडे चालू राहतं. डेंग्यूचा ताप साधारण चावल्यापासून चार ते दहा दिवसांनी येतो, मलेरियाचा त्याहून उशिरा, कधी कित्येक आठवड्यांनीसुद्धा. म्हणून मी फोन करत राहते. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या, अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, रक्त तपासा. ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका. डेंग्यूत ताप उतरतानाच पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त असं दिसलं तर तडक रुग्णालय गाठा.

आमच्या एका टाळकरी काकांना मागे असाच ताप आला होता. तपासणीत डेंग्यू निघाला. घरात धाकटा नातू होता. तापाच्या पहिल्या दिवसांत आजारी माणसाच्या रक्तात विषाणू असतो, त्याला चावलेला डास काही दिवसांनी तो दुसऱ्याला देतो. मी काकूंना सांगितलं, काकांना दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. काका चिडले, भर दुपारी जाळीत कोण झोपतं म्हणाले. मग नातवाचं नाव काढल्यावर गप्प आत गेले, आणि ताप उतरेपर्यंत हरिपाठही जाळीतूनच म्हणत होते.