बीम कुणी धरलाय? : आमच्या ऑफिसची वाटचाल

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचं ऑफिस आहे. डिझाइन मी बघते, साइट आणि हिशेब माझे मिस्टर. 2008 साली सुरुवात केली तेव्हा ऑटोकॅडवर आरसीसी ड्रॉइंग काढून द्यायचो. बंगले, अपार्टमेंट, एमआयडीसीतल्या शेड. एका फाइलवर एकच माणूस बसायचा. दुसऱ्यानं उघडली की 'रीड ओन्ली' यायचं, मग तो कॉपी करून घ्यायचा आणि फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल मॅडम' अशा फाइल्स जमायच्या. कामं लहान, सगळे एकाच खोलीत, त्यामुळे तोंडी निभावून जायचं.

रेव्हिट या सॉफ्टवेअरकडे वळलो ते पुण्याच्या एका आर्किटेक्टमुळे. रुग्णालयाची इमारत होती आणि त्यांना नुसती ड्रॉइंग नको होती, मॉडेल, म्हणजे संगणकात उभी केलेली अख्खी त्रिमितीय इमारत, हवी होती. रेव्हिटमध्ये मूळ मॉडेल एकच असतं, त्याला सेंट्रल म्हणतात. प्रत्येक जण त्याची लोकल प्रत आपल्या मशीनवर उघडतो आणि सिंक करून बदल सेंट्रलला पाठवतो. एखाद्या बीमला हात लावला की तो तुमच्या नावावर चढतो. तुम्ही सिंक करून सोडेपर्यंत दुसऱ्याला तो बदलता येत नाही. त्याच्या स्क्रीनवर तुमच्या नावासकट निरोप येतो आणि बीम सोडा म्हणून मागणी पाठवायची सोय असते. आमच्याकडे मागणी कोण पाठवतंय! 'बीम कुणी धरलाय?' अशी हाक यायची आणि कोपऱ्यातून उत्तर, 'सोडतो की, सिंक मारू दे.'

हा ताबा युजरनेमवर चालतो. एखादा मुलगा स्लॅब धरून तसाच घरी गेला तर त्याचं नाव दुसऱ्या मशीनवर टाकून तो सोडवण्याची पळवाट काही जण वापरतात. आम्ही ती पहिल्यापासून बंद ठेवली, कारण एकाच नावानं दोघे आत शिरले की कुणाचा बदल खरा ते सेंट्रलला कळत नाही आणि मॉडेल बिघडू शकतं. घरी जाताना सिंक करायचं आणि धरलेलं सगळं सोडायचं, हा आमच्याकडे हजेरीइतकाच पक्का नियम आहे.

ग्रिड म्हणजे कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषा आणि लेव्हल म्हणजे मजल्यांच्या उंच्या. त्या आम्ही वेगळ्या वर्कसेटमध्ये, म्हणजे मॉडेलमधल्या वेगळ्या गटात ठेवतो. तो वर्कसेट आमच्या सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समनच्या, म्हणजे मामांच्या ताब्यात असतो. ग्रिड हलली तर तिच्यावरचे कॉलम हलतात, म्हणून ही काळजी. पण वर्कसेटला कुलूप समजू नये. ज्याला सेंट्रल उघडता येतं, तो कुणी न धरलेला कुठलाही भाग बदलू शकतो, पुसूही शकतो. खरं कुलूप फोल्डरच्या परवानगीला लागतं.

ऑगस्ट 2019 चा महापूर आला तेव्हा आमचं सेंट्रल ऑफिसच्या सर्व्हरवर होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद पडला. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, त्यामुळे मशीन वाचली, पण वीज नव्हती. शिरोली-नागावकडची मुलं पलीकडे अडकलेली. लॅपटॉपवर लोकल प्रत होती त्यांना आधी धरलेल्या भागापुरतं काम करता आलं, पण सिंक करायला सेंट्रलच नव्हतं. पुण्याहून रोज फोन येत होता.

पाणी ओसरल्यावर सेंट्रल गुगल ड्राइव्हवर टाका, असं काहींनी सुचवलं. ते चालत नाही. ड्राइव्ह अख्खी फाइल उचलतो. आतला बीम कुणाच्या नावावर आहे हे त्याला कळत नाही. आम्ही रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीचं बिम 360 डिझाइन घेतलं, त्यात सेंट्रल इंटरनेटवर राहायचं. प्रत्येकाला स्वतःचं लायसन्स, स्वतःचा लॉगिन. लहान ऑफिसला हा खर्च बोचतोच. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा मुलं इचलकरंजीहून, कागलहून, गडहिंग्लजहून त्याच मॉडेलवर बसली.

सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यानंतरच्या एका कामानं. क्लायंटच्या प्रोजेक्ट मॅनेजरनं सगळ्या एजन्सींना एकाच फोल्डरमध्ये पूर्ण अधिकार देऊन टाकले होते आणि ठरल्या वेळी मॉडेल आपोआप पब्लिश होईल, म्हणजे सगळ्यांना दिसेल, अशी सोय लावली होती. आम्ही हरकत घेतली, पण 'सगळं पारदर्शक हवं' असं उत्तर मिळालं. खालचा एक कॉलम काढायची आर्किटेक्टची मागणी होती, म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा बीम 600 वरून 750 मिलिमीटर खोल करून बघत होतो. डिझाइन तपासायचं बाकी होतं. कॉन्ट्रॅक्टरच्या माणसानं टॅबवर तेच मॉडेल उघडलं, 750 वाचलं आणि त्या मापाच्या रिंगा, म्हणजे बीमच्या सळयांभोवतीच्या लोखंडी कड्या, कापायला दिल्या. फिटरचा फोन आला, 'मॅडम, शटरिंग 600 चं लागलंय, रिंगा बसंनात.' लोखंड वाया गेलं. काँक्रीट पडायच्या आत लक्षात आलं हे नशीब.

मला त्याचा आजही राग आहे. स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर सही माझी असते. अर्धवट विचार चालू असलेला बीम आणि मी मान्य केलेला बीम साइटवर सारखेच दिसत असतील, तर त्या सहीला अर्थ काय?

बांधकामाची डिजिटल माहिती कशी सांभाळायची यासाठी 2018 चं आयएसओ 19650 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात माहितीच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: चालू काम, सहकाऱ्यांना खुलं केलेलं, मंजूर होऊन प्रसिद्ध झालेलं आणि जपून ठेवलेलं जुनं. मोठ्या प्रकल्पांसाठीच हे असतं असं अनेकांना वाटतं. आम्ही तीन मजली अपार्टमेंटलाही लावतो. चालू कामाच्या फोल्डरमध्ये फक्त आमची माणसं. आर्किटेक्ट आमचं खुलं केलेलं मॉडेल लिंक करतात, आम्ही त्यांचं. त्यांच्या ग्रिड आम्ही कॉपी-मॉनिटरनं घेतो, म्हणजे त्या सरकल्या की आम्हाला इशारा येतो. कॉन्ट्रॅक्टरला फक्त प्रसिद्ध झालेलं, तेही नुसतं पाहायला.

फी ठरवतानाच आम्ही एक पानाचा तक्ता समोर ठेवतो. माणसाचं नाव, त्याचं ऑफिस, कुठला फोल्डर, पाहायचं की बदलायचं, आणि कधीपर्यंत. नवीन नाव घालायचा अधिकार प्रत्येक ऑफिसात एकालाच. कुणी नोकरी सोडली की त्याच दिवशी प्रवेश बंद. 'पैसे मी देतो, मला सगळं दिसलं पाहिजे' असं म्हणणारे मालक भेटतात. त्यांना रिंगांची गोष्ट सांगितली की बहुतेक जण ऐकतात. एका कामावर ऐकलं नाही, ते काम आम्ही घेतलं नाही.

सध्या सांगली आणि कराडच्या लहान ऑफिसांबरोबर काम चालू आहे. रेव्हिटचं लायसन्स त्यांना परवडत नाही. त्यांना आम्ही आयएफसी, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना वाचता येणारी मॉडेलची फाइल देतो, ती फुकटच्या व्ह्यूअरमध्ये उघडते, आणि त्यांचे शेरे बीसीएफ या शेऱ्यांसाठीच्या फाइलमधून येतात. शेरा उघडला की नेमका तो बीम, त्याच कोनातून, समोर येतो. आमचा तक्ता कुणाला वापरायचा असेल तर ऑफिसला या, कोरी प्रत देतो.