ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत

ख्रिस्ती बाई वारीला कशाला, हे दोन्हीकडून विचारून झालं. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका काकूंना काळजी, की ही तिकडे जाऊन कुणापुढे हात जोडणार. दिंडीतल्या एका आजोबांना काळजी, की हिच्या गळ्यात माळ नाही. दोघांनाही मी तेच सांगितलं, चालायला आणि ऐकायला आलेय. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्या सेतूवर जाऊन थोडा वेळ उभं राहायला काय हरकत आहे, एवढंच माझं म्हणणं.

दिवे घाट पावसात गेला. जेजुरीत भंडाऱ्याने पिवळी झाले. नीरेवर माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं म्हणे, मला पुढच्यांची डोकी दिसली. लक्षात राहिली ती पहाटे तीनची टँकरपुढची बादल्यांची रांग, ओल्या राहुटीचा कुबट वास, आणि माझ्या शेजारी झोपणाऱ्या मावशी. मावशी घोरत नसत तेव्हा बोलत. हरिपाठाला डोळे भरून यायचे आणि टाळ खाली ठेवले रे ठेवले की मावशींच्या सुनेची कहाणी सुरू. त्या सुनेची मला दया यायची, मावशींची अजिबात नाही.

फलटण सोडून बरडकडे निघालो ती दुपार मात्र सगळी आठवते. टाचेला फोड आला होता. चप्पल घालावी तर पट्टा नेमका त्यावर, काढावी तर डांबर पोळतंय. दिंडी पुढे निघून गेली, वीणा दिसेनाशी झाली, मी एका बाभळीखाली बसले. बाभळीला सावली नसते हे बसल्यावर कळतं. देवाशी बोलायचं म्हणून डोळे मिटले, पण मनात फक्त टेम्पो कुठे गाठता येईल एवढंच येत होतं.

डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवून एक बाई समोर येऊन बसली. आमच्या दिंडीतली नव्हती. काही विचारलं नाही, माझा पाय उचलून मांडीवर घेतला. कमरेच्या पिशवीतून सुई-दोरा काढला, दोरा तेलात बुडवला. इथे वाचणाऱ्याला प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग आठवेल. मला आठवला नाही. मला सुईची भीती वाटत होती.

तिने सुई फोडाच्या एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "ह्यो काढायचा न्हाई. पाणी निथळतंय त्याच्यावरनं." मग तेलाचा हात पोटरीवर फिरवायला लागली आणि बोलायला लागली. माझा पाय तिच्या मांडीवर, उठून जायची सोयच नव्हती.

बोअरचं बोलत होती. वाटणीच्या आधी तिच्या मालकाने आणि दिराने मिळून बोअर घेतली. पैसे निम्मे निम्मे. वाटणीत ती जागा गेली दिराकडे. मालक वारले. आता दीर पाण्याची पाळी देत नाही. हे एवढंच, पण तिने ते किती फुटांवर पाणी लागलं, मोटर कुणी बसवली, केसिंगचा पाइप आणायला मालक कसा भर उन्हात गेला, इथपासून सांगितलं. मधेच मागे जायची, एखादी गोष्ट राहिली म्हणून पुन्हा सांगायची. माझ्या जिभेवर बायबलातलं तेविसावं स्तोत्र तयार होतं, शांत पाण्याजवळ नेणारा मेंढपाळ. तिला पाळीचं पाणी हवं होतं. मी तोंड मिटून घेतलं आणि विचारलं, "मग मोटर आता कुणाच्या नावावर आहे?"

तिचा हात थांबला. तिने पहिल्यांदा वर बघितलं. मग मोटरचं सगळं सांगितलं, आणि त्यात मालकाच्या शेवटच्या दिवसांचंही आलं, जे मी विचारलं नव्हतं.

"माळ न्हाई घातली, माऊली?"

"मी ख्रिस्ती आहे."

"असू दे. पाय हलवू नका."

पुढची सगळी वाट बायबलातली अम्माऊस गावची वाट डोक्यात होती. यरुशलेमेपासून साधारण अकरा किलोमीटर. येशूला क्रुसावर दिल्यावर त्याचे दोघे शिष्य तोंड पाडून चाललेत, तिसरा येऊन त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि विचारतो, काय बोलत चाललात? तो पुन्हा उठलेला येशूच, पण ते त्याला ओळखत नाहीत. ते म्हणतात, यरुशलेमेत राहून तुला एकट्यालाच ठाऊक नाही का काय झालं ते? आणि तो म्हणतो, कोणत्या गोष्टी? ज्याच्या हातापायांत ते खिळे गेले, तो विचारतोय. पुढे त्याने त्यांना चांगलं झापलंही, शास्त्रलेख उलगडून सांगितले. पण ते त्यांचं सगळं सांगून झाल्यावर, अगदी बायका कबरेकडे जाऊन आल्या तिथपर्यंत.

बरडच्या तळावर समाजआरतीला लंगडत उभी राहिले. हजारो टाळ वाजत होते. चोपदारांनी चोप उंचावला, "होऽऽ" अशी आरोळी आली आणि सगळं एका क्षणात गप्प. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. रीतच तशी आहे, ज्यांची तक्रार असेल त्यांनी थांबायचं नाही. चोपदार त्यांच्याकडे गेले, ऐकून घेतलं, तेव्हा ते टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या, आणि त्यानंतर आरती.

आरती त्यानंतर! मला आमच्या प्रार्थनासभा आठवल्या. कुणी घरचं दुखणं सांगायला लागलं, जरा लांबलं, जरा अवघड झालं, की कुणीतरी मायेने म्हणतं, चला, आपण हे प्रभूपुढे ठेवू. डोळे मिटतात, डोकी झुकतात आणि बोलणाऱ्याचं वाक्य अर्धंच राहतं. प्रार्थनेने इतकी तोंडं बंद केलेली मी पाहिली आहेत. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले होते, मग त्यालाच दोष देऊ लागले; तेवढे दिवस तरी ते मित्र होते.

याचा अर्थ त्या रात्री मावशी मला गोड वाटल्या असं नाही. त्या सुनेवर होत्या, मी उशी कानावर घेतली. पण तिसऱ्यांदा आलं तेव्हा विचारलं, सून माहेरी कधी गेली? त्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या. "आमीच लावून दिली," एवढं म्हणाल्या आणि कूस बदलली.

वाखरी, मग पंढरपूर. गर्दीत चंद्रभागा दिसली, कळस दिसला. माझ्याभोवती लोक रडत होते, मीही रडले, का ते मला सांगता येणार नाही. पायातला दोरा तोवर गळून गेला होता.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "कुणाला प्रभूविषयी सांगितलंस का गं?"

"नाही. एका बाईचं बोअरचं ऐकलं."

"कसलं?"

"बोअरचं. दीर पाणी देत नाही तिला."

काकू जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "पण पैसे कुणी घातले होते?"