तीन कुटुंबे, पाच लहान मुले आणि हिवाळ्याची एकत्र सुट्टी : माझा अनुभव

या हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिन्ही कुटुंबांनी सासूबाई-सासऱ्यांकडे एकत्र राहायचे ठरवले, तेव्हा बेत कितीही मोठे असले तरी प्रत्यक्षात काय जमेल हे मुलांच्या वयांवरच अवलंबून राहणार, हे स्पष्ट होते. माझी मुलगी पावणेनऊ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. नणंदेचे दोन मुलगे, मोठा पाच वर्षांचा आणि धाकटा अडीच. आणि धाकट्या जावेचे दहा महिन्यांचे बाळ. एरवी दोनच माणसे राहतात अशा घरात इतकी मुले आणि त्यांचे आईवडील एकत्र येतात, तेव्हा मुलांना आनंद व्हावा म्हणून काय करायचे यापेक्षा त्यांना झेपेल एवढेच कसे ठेवायचे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, असे माझे ठाम मत झाले आहे. हा प्रश्न आम्ही कसा सोडवला ते सविस्तर लिहिते आहे, कारण असे एकत्र राहणे अनेक घरांत केवळ दमणुकीच्या भीतीने पुढे ढकलले जाते.

निघण्यापूर्वी आम्ही तिघी फोनवर बोललो आणि प्रत्येक मुलाची झोपेची वेळ लिहून काढली. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, दिवसाची झोप धरून चोवीस तासांत ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास, १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. हे आकडे समोर ठेवल्यावर दिवसाचा आराखडा जवळजवळ आपोआपच तयार झाला. बाळाची पहिली झोप सकाळी लवकर होत असे, त्यामुळे ते उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंतचा वेळच बाहेर पडण्यासाठी किंवा काही विशेष करण्यासाठी मोकळा होता. जेवणानंतर बाळ आणि अडीच वर्षांचा भाचा झोपत, आणि उरलेल्या तिघांसाठी तो शांत वेळ असे. झोपण्याची सक्ती नव्हती, पण चित्रे काढणे, पुस्तक वाचणे किंवा आजीजवळ पडून गोष्ट ऐकणे यांपैकी काहीतरी करायचे होते. चार वर्षांच्या मुलाने दिवसा झोपणे सोडलेले असले, तरी इतकी माणसे भोवती असताना त्याला थोडा एकांत लागतोच, हे मला या दिवसांत प्रकर्षाने जाणवले. दिवसाला एकच मोठी गोष्ट करायची, हा दुसरा नियमही तेव्हाच ठरला.

या आराखड्याचा सर्वांत अवघड भाग होता रात्रीचे जेवण. सर्वांनी रात्री एकत्र बसून निवांत जेवावे अशी सासूबाईंची मनापासून इच्छा होती आणि ती इच्छा मला अगदी रास्त वाटत होती. कित्येक महिने त्या याच दृश्याची वाट पाहत होत्या. परंतु मोठ्यांच्या जेवणाची वेळ ही लहान मुलांची झोपेची वेळ असते, आणि झोप टळलेले मूल ताटासमोर रडू लागले की कोणाचेच जेवण होत नाही. नणंदेने हे त्यांच्याशी स्वतःच मोकळेपणाने बोलून घेतले, आणि आईला हे मुलीने सांगितले याचा फार उपयोग झाला. एकत्र बसण्याचा मान दुपारच्या जेवणाला द्यायचा, मुलांना संध्याकाळी लवकर वाढायचे आणि ती झोपल्यावर मोठ्यांनी सावकाश बसायचे, असे ठरले. दुसऱ्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, रात्री बोलायला मिळतंय हेच मला जास्त आवडलं." त्यांचे हे बोल ऐकून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले.

पोहोचल्यावर सामान लावण्याआधी आम्ही रांगत्या बाळाच्या उंचीवरून घर पाहिले. वृद्ध माणसांचे घर त्यांच्या सोयीने लावलेले असते आणि त्यात काही गैर नाही. मात्र रोजच्या गोळ्यांचा सहज उघडणारा डबा उशाशी असतो, चष्म्याशेजारी श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या असतात आणि गरम चहाचा कप खुर्चीच्या हातावर ठेवण्याची सवय असते. त्यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्यांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. अशी बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली, तर ओलसर ऊतींमधून विद्युतप्रवाह वाहून तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. रिमोट, वजनकाटा, वाजणारी शुभेच्छापत्रे आणि लुकलुकणारी खेळणी या सर्वांत त्या असतात. आम्ही प्रत्येक वस्तूचे झाकण स्क्रूने घट्ट बसते का ते पाहिले आणि जी सैल होती ती सरळ कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. औषधेही तिथेच गेली, आणि ती वेळेवर काढून देण्याचे काम माझ्या मुलीने हौसेने मागितले असले तरी दिरांनी ते स्वतःकडे घेतले.

बाळाच्या झोपण्याच्या जागेबद्दल जावेने कोणतीही तडजोड केली नाही आणि ते योग्यच होते. थंडीत लहानग्याला मऊ दुलईत गुरफटून ठेवावे असे प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला वाटते. तथापि, एक वर्षाखालील बाळाला सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर आणि स्वतंत्र जागेत झोपवावे, जवळ उशी, सैल पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत आणि घरात झोपताना डोक्यावर टोपी घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका त्यामुळे कमी होतो. उबेसाठी तिने अंगात घालायची झोपेची पिशवी आणली होती. सासूबाईंना ती दाखवून, बाळाच्या छातीला आणि मानेला हात लावून ते पुरेसे उबदार आहे हे त्यांना स्वतःच पाहू दिल्यावर त्यांची चिंता मिटली.

मोठ्या घोळक्यात मुलांवर लक्ष ठेवण्याबाबतची आमची एक पद्धत मी इतर घरांनाही आग्रहाने सुचवेन. खोलीत मोठी माणसे जितकी अधिक, तितके प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी पाहत असेल, आणि मूल जिन्याकडे किंवा शेगडीकडे गेलेले कोणाच्याच लक्षात येत नाही. म्हणून ज्याच्याकडे पाळी असेल त्याने मोठ्याने "मुले माझ्याकडे आहेत" असे म्हणायचे, आणि उठताना दुसऱ्या कोणाकडून तेच शब्द ऐकल्याशिवाय उठायचे नाही, असे ठरवले. पाळी असणाऱ्याने फोन हातात घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी हे थोडे कवायतीसारखे वाटले, पण त्यानंतर ते इतके अंगवळणी पडले की उरलेल्या सर्वांना खरोखर विश्रांती मिळू लागली. सतत अर्धवट लक्ष ठेवण्याने जो थकवा येतो, तो बहुतेक आयांना शब्दांत न सांगता कळेल.

आता बाळ आणि आजोबांबद्दल. सासऱ्यांनी नातवाला जन्मानंतर एकदाच पाहिले होते, आणि त्याला कधी एकदा कडेवर घेतो असे त्यांना झाले होते. मात्र साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळाला परक्या चेहऱ्यांची भीती वाटू लागते. ती त्याच्या वाढीची निरोगी खूण असते. त्यांनी हात पुढे करताच बाळाने टाहो फोडला आणि सासऱ्यांचा चेहरा उतरला. त्या वेळी दिरांनी त्यांना हळूच सांगितले, "बाबा, तुम्ही त्याला घेऊ नका, त्यालाच तुमच्याकडे येऊ द्या." तेव्हापासून ते रोज सकाळी सतरंजीवर बसून, बाळाकडे थेट न पाहता, लाकडी वाट्या एकात एक ठेवत राहत. बाळ आईच्या मांडीवरून आधी नुसते पाहत असे, मग एक वाटी ओढून घेऊ लागले, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या गुडघ्याला धरून उभे राहिले. कोणत्याही मुलाला कोणाच्या गळ्यात पडण्याची किंवा पापा देण्याची सक्ती करायची नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. ते ठरवणे त्या सकाळी सार्थकी लागले असे मला वाटते.

भेटवस्तूंबाबत दोन गोष्टी केल्या. पहिली, सर्व भेटी एकाच संध्याकाळी न उघडता रोज सकाळी प्रत्येकाने एकच उघडायची, म्हणजे तिच्याशी दिवसभर खेळता येते आणि झोपेआधीची उत्तेजना टळते. दुसरी, प्रत्येक खेळण्यावरची वयोमर्यादा पाहायची. तीन वर्षांखालील मुलांसाठी सुटे भाग तपासण्याचे जे प्रमाणित नळकांडे असते, त्याचा व्यास सुमारे ३.२ सेंटीमीटर असतो आणि जो भाग त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकण्याचा धोका असलेला मानला जातो. माझ्या मुलीला मिळालेला बारीक ठोकळ्यांचा संच त्यामुळे उंच टेबलावरच राहिला आणि धाकटे झोपल्यावरच उघडला गेला. तिला ती दुपारची शांत वेळ स्वतःची वाटू लागली, हा त्याचा अनपेक्षित लाभ होता.

आजारपणाची तयारी थोडक्यात सांगते. बाहेरून आल्यावर प्रत्येकाने साबणाने किमान २० सेकंद हात धुवायचे, कारण उलट्या-जुलाबांना कारणीभूत होणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचा सॅनिटायझर फारसा चालत नाही. आणि ज्याला सर्दी असेल त्याने बाळाला जवळ घ्यायचे नाही. बाळाला मध चाटवायचा नाही आणि पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे द्यायचे नाहीत, हेही स्वयंपाकघरात सर्वांना माहीत होते.

या सुट्टीत मुलांना सर्वाधिक आवडली ती गोष्ट विनामूल्य होती. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि त्यामुळे लहान मुलांना झोपण्यापूर्वी आकाश पाहता येते; उन्हाळ्यात ते शक्य नसते. पूर्वेला मृग नक्षत्र वर येई तेव्हा आजोबा त्यातले एका ओळीतले तीन तारे दाखवत आणि व्याधाने हरणाला मारलेल्या बाणाची गोष्ट सांगत. ती तीन ताऱ्यांची रेघ वर वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका सापडतो, आणि खाली वाढवली की व्याध. व्याध थोडा उशिरा उगवत असल्याने धाकट्यांना तो दिसला नाही, पण माझ्या मुलीला एका रात्री जागण्याची परवानगी मिळाली. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी तारा सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. "तू जन्मलीस त्याच्या आसपास निघालेला प्रकाश आत्ता तुझ्या डोळ्यांत पोहोचतोय," असे आजोबांनी सांगितले, तेव्हा ती बराच वेळ एक शब्दही बोलली नाही.

तिने दिवसाचेही एक काम स्वतःकडे घेतले होते. अंगणात काठी रोवून ती दुपारची सर्वांत आखूड सावली मोजत असे. २१ किंवा २२ डिसेंबरला दिवस सर्वांत लहान असतो, म्हणजे त्यानंतर सावली रोज कमी होताना दिसेल अशी तिची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पट्टीवर कित्येक दिवस फरकच दिसेना. अयनाच्या सुमारास सूर्याची दुपारची उंची इतकी सावकाश बदलते की साध्या पट्टीला ते कळत नाही, हे आजोबांनी आकृती काढून समजावले. त्यावर पाच वर्षांच्या भाच्याने विचारले, "सूर्य लांब गेला म्हणून थंडी पडते ना?" उत्तर उलटे आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैत सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धातील हिवाळा पृथ्वीचा अक्ष साधारण साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे येतो. नारिंगी चेंडू आणि दिवा घेऊन हे त्या दोघांनी पुन्हा पुन्हा करून पाहिले, आणि मोठ्यांपैकी निदान दोघांना ते त्याच वेळी नीट समजले.

निघण्याचा दिवस मुलांपासून लपवला नाही. आदल्या दिवशी सकाळीच उद्या कोण केव्हा जाणार हे चित्र काढून सांगितले आणि प्रत्येकाने आजी-आजोबांसाठी एक काम निवडले. चार वर्षांच्या माझ्या मुलाने लाकडी वाट्या धुऊन पुसून ठेवल्या. घरी आल्यावर शाळा सुरू होण्याआधीचे दिवस झोपेची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणण्यात गेले, कारण शेवटच्या रात्रींत ती थोडी घसरली होती.

पुढच्या वर्षासाठी आमचे बोलणे आतापासूनच सुरू झाले आहे. तेव्हा धाकट्या भाच्याची दुपारची झोप बहुधा सुटलेली असेल आणि बाळ धावत असेल, म्हणजे वेळापत्रक आणि घराची पाहणी दोन्ही नव्याने करावी लागणार. मुलगी मात्र सावलीची वही सोबत नेणार आहे, कारण या वेळचे आकडे तिला त्याच काठीच्या नव्या आकड्यांशी ताडून पाहायचे आहेत, आणि ती काठी जपून ठेवायची जबाबदारी आजोबांनी घेतली आहे.