तुम्ही विचारलंत म्हणून: सोलरवर कूलर चालतो का?

अकोल्यात एप्रिल लागला की हा प्रश्न येतोच. सकाळी गच्चीवर मी दोन पॅनल उभी करतो, तेव्हा कठड्यापलीकडून कोणीतरी विचारतं, "यावर कूलर चालतो का हो?" चालतो. आईच्या खोलीतला कूलर दोन उन्हाळे याच्यावरच चालतोय.

आमचं घर भाड्याचं, गच्चीवर कायमचं काही बसवता येत नाही. म्हणून संध्याकाळी घडी घालून आत आणता येतील अशी पॅनल घेतली. पण खरं काम पॅनलनं नाही, कूलर बदलल्यानं झालं. जुना पत्र्याचा कूलर १८० वॅट खायचा. रात्रीचे आठ तास धरले तर जवळजवळ दीड युनिट. तेवढी बॅटरी घ्यायची तर खर्च परवडत नाही. १२ व्होल्टचा डीसी कूलर, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारा, पंखा आणि पंप मिळून ६० वॅट घेतो, म्हणजे रात्रभरात अर्धा युनिट. इन्व्हर्टरही लागत नाही. १०० वॅटची दोन पॅनल आणि ६० अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) लिथियम बॅटरी त्याला पुरते. मे महिन्यात रात्री दोनला लाईट जाते, गल्लीतले पंखे थांबतात, पण आईच्या खोलीत कूलरच्या ताट्यांवरून पाणी झिरपत राहतं. तिची झोप मोडत नाही, हे माझ्यासाठी फार मोठं आहे.

छतावर सोलर असलेलेही विचारतात, "आमच्याकडे लाईट गेली की सगळं बंद कसं?" ते सोलर ग्रिडला, म्हणजे बाहेरून घरात येणाऱ्या विजेच्या तारांना जोडलेलं असतं. तारांवर काम करणाऱ्या लाईनमनला धक्का बसू नये म्हणून ग्रिड बंद पडलं की ते आपोआप थांबतं. बॅटरी नसेल तर अंधारच.

आणखी एक. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं वाटतं ना? पॅनलवर लिहिलेले वॅट पॅनल स्वतः २५ अंशांवर असताना मोजलेले असतात. आपल्या ४५ अंशांत पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतं आणि १०० वॅटचे ८५ उरतात. पहिल्या वर्षी मी ती थेट पत्र्यावर टाकली होती. दुपारी काठाला हात लावला तर चटका बसला. आता खाली विटा ठेवून वीतभर उचलली आहेत, खालून वारा खेळतो. धूळ पहाटेच पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी कधीच नाही. बॅटरी मात्र घरातच, सावलीत.

दीड टनाचा एसी या पॅनलवर चालवायचा विचार सोडा, त्याला दीड हजार वॅटच्या आसपास लागतात. आणि कोकणातल्या दमट हवेत कूलर कामाचा नाही. तिथल्या नातेवाइकांना मी ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखाच सांगतो.

तर माझ्याकडे येताना तुमच्या कूलरच्या मागे चिकटवलेल्या पट्टीचा फोटो आणा. त्यावरचे वॅट बघू, मग पॅनलचं बोलू.