काका, मोजे काढता का?

रॉचेस्टर म्हटलं की घरच्यांना न्यूयॉर्कवालं वाटतं, पण मी राहतो ते मिनेसोटातलं, चारी बाजूंना मक्याची शेतं, गावातली एक पाण्याची टाकीसुद्धा कणसाच्या आकाराची. थंडीत पारा उणे पंचवीसपर्यंत जातो, मग मी काम करतो त्या मेयो क्लिनिक हॉस्पिटलमध्ये पोचायला जमिनीखालचे रस्ते नाहीतर स्कायवे, म्हणजे इमारतींना जोडणारे वरचे बंद पूल. मी इथे पेरिफेरल नर्व्हच्या आजारांवर काम करायला आलोय, म्हणजे मेंदू आणि मणक्यातून बाहेर पडून हातापायांत जाणाऱ्या नसा. आपल्याकडे रक्ताची ती पण नस आणि ही पण नस, त्यामुळे आईला अजून वाटतं मी व्हेरिकोज व्हेन्स बघतो.

लॅबमधलं मला सगळ्यात आवडलेलं काम सांगतो. पेशंटच्या घोट्यामागून काढलेला नसेचा छोटासा तुकडा ऑस्मियम नावाच्या रसायनाने काळा केलेला असतो, तो मायक्रोस्कोपखाली ठेवून दोन बारीक सुयांनी एकेक तंतू सुटा करायचा, ओल्या केसांतला गुंता सोडवतात तसा. घाई केली की तंतू तुटलाच. चांगला तंतू सलग काळा असतो, ठरावीक अंतरावर बारीकशी खाच, आणि आजार असेल तर मध्येच काळा थर गायब, वायरचं रबर सोललं जातं ना तसं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

हे काम इथे ज्यांनी मोठं केलं ते डॉ. पीटर डिक. १९७५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३ पेशंटवरून आज आपण ज्याला सीआयडीपी म्हणतो त्या आजाराचं चित्र नीट मांडलं. तो जीबीएसचा, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोमचा, संथ चालीचा भाऊ. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, पण जीबीएस झपाट्याने वाढतो आणि हा दोन महिन्यांहून जास्त काळ वाढत जातो. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड भागात जीबीएसची साथ आली तेव्हा काकांनी रात्री फोन करून विचारलं, अरे त्या पोरांना स्टेरॉइड का देत नाहीयेत? तर हेच, सीआयडीपीला स्टेरॉइड लागू पडतं, जीबीएसला नाही, त्याला आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडीज) नाहीतर रक्तातला प्लाझ्मा बदलणं. दिसायला दोन्ही सारखे, पायातली ताकद जाते, पण नाव चुकलं की उपचार चुकले.

पण डॉ. डिक यांचा मला सगळ्यात भिडलेला पेपर १९८१ चा. 'कारण सापडत नाही' म्हणून पाठवलेले २०५ पेशंट त्यांनी पहिल्यापासून तपासले आणि ७६ टक्क्यांचं कारण सापडलं! ४२ टक्क्यांना घराण्यातून आलेला आजार होता, २१ टक्क्यांना सीआयडीपीसारखा. आणि घराण्यातला सापडला कसा, तर नातेवाइकांना बोलावून तपासून. माझ्या घरात कुणाला काही नाही म्हणणाऱ्याच्या वडिलांचे मोजे काढले की खाली उंच कमान झालेलं पाऊल, वाकलेली बोटं, बारीक पोटऱ्या. त्यांना वाटत असतं आपले पायच तसे.

इथे पेशंट बहुतेक एकटा नाहीतर बायकोबरोबर येतो, भाऊ टेक्सासला, आई फ्लोरिडाला, एकेकाला गाठायचं म्हणजे दिवस जातात. आणि आपल्याकडे? मी शिकलो त्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत एका पेशंटबरोबर चार माणसं, बाकावर आई, वडील, चुलता, डबा घेऊन आलेली बहीण, आणि आम्ही काय करायचो तर ओरडायचो, नातेवाईक बाहेर थांबा!

एक पोरगा आठवतो, विशीतला, चालताना पाऊल आपटायचा, सारख्या ठेचा लागायच्या. मी कागदावर 'कारण अज्ञात' लिहिलं आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू ठेवली. वडील दारात उभे असायचे, पायात चप्पल, मोजेसुद्धा नाहीत, आणि मी एकदाही खाली बघितलं नाही. शार्को-मारी-टूथ, म्हणजे नसांचा तो घराण्यातून येणारा आजार, असेल तर तो बरा करणारं औषध अजून नाही हे खरं, पण पाऊल उचलून धरणारा स्प्लिंट देता येतो, प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता असू शकते हे लग्नाआधी सांगता येतं, आणि उद्या कॅन्सर झालाच तर विनक्रिस्टिन देऊ नका हे फाइलवर ठळक लिहिता येतं, कारण त्या औषधाने असे पाय पार लुळे पडू शकतात.

गेल्या रविवारी तिथल्या ज्युनियरला फोन केला. म्हटलं जुन्या रजिस्टरमध्ये त्याचा नंबर सापडतो का बघ. "सर, आता बोलवून काय सांगायचं त्याला?" म्हटलं काही सांगू नकोस, फक्त वडिलांना आणि बहिणीला बरोबर घेऊन ये म्हण, आणि तिघांनाही आत बसव.