ठसका थांबला, आणि आम्हाला बरं वाटलं

शाळेत 'मस्तिष्कपुच्छ' हा शब्द पाठ केला होता. मेंदूच्या त्याच तळच्या भागात मला लहानसा स्ट्रोक आला. हातपाय वाचले, गिळणं गेलं. पहिले काही दिवस पाण्याच्या घोटागणिक ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. मग एके दिवशी ठसका लागेनासा झाला. "सुटलात बाई एकदाचे," बायको म्हणाली. मलाही तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी बायकोला एकच प्रश्न विचारला, "पाणी प्यायल्यावर यांचा आवाज ओला येतो का, घशात काही साचल्यासारखा?" येत होता. आम्ही दोघांनी तो कफ समजून सोडून दिला होता.

तपासणीसाठी मला एक्स-रे यंत्रासमोर ताठ बसवलं आणि बेरियम मिसळलेलं पाणी चमच्याने दिलं. एक्स-रेवर बेरियम उठून दिसतं, त्यामुळे घोट कुठे जातो ते पडद्यावर कळतं. माझा घोट मागे गेला, जरा थबकला, आणि त्यातली एक बारीक रेघ पुढच्या नळीत उतरली. श्वासनलिकेत. मला काहीच जाणवलं नाही. ना खवखव, ना खोकला. त्या क्षणी मी खरा घाबरलो.

मॅडमनी तो व्हिडिओ संथ करून दाखवला आणि निरोगी घशात काय होतं ते सांगितलं. आवंढा गिळताना कंठमण्यावर बोट ठेवलं तर तो वर उडी मारतो. ती उडी म्हणजेच संरक्षण. अख्खं स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली दडतं, घासाच्या वाटेतून बाजूला होतं. एपिग्लॉटिस नावाची पानासारखी कूर्चा मागे झुकून त्याच्यावर झाकण धरते. खाली स्वरतंतू एकमेकांना घट्ट भिडतात. त्याच ओढीने अन्ननलिकेचं एरवी आवळलेलं तोंड उघडतं. तेवढा वेळ श्वास आपोआप थांबतो, आणि गिळून झाल्यावर बहुधा उच्छ्वासानेच सुरू होतो, म्हणजे दाराशी काही उरलं असेल तर ते आत ओढलं जात नाही. घशातला हा सगळा खेळ साधारण एका सेकंदाचा. श्वासनलिका पडजीभ झाकते असं मी आयुष्यभर समजत होतो. पडजीभ आणि मऊ टाळू वर उचलले जातात ते नाकाची वाट बंद करायला.

माझ्यात दोन गोष्टी बिघडल्या होत्या. उडी उशिरा येत होती. पाणी घासापेक्षा वेगाने वाहतं, त्यामुळे दार मिटायच्या आत ते तिथे पोचायचं. आणि स्वरयंत्राची संवेदना मंदावली होती, म्हणून चुकून आत गेलेल्याची वर्दी मेंदूला मिळत नव्हती. ठसका थांबला होता तो यामुळे.

पुढचे दोन महिने पाणी पावडर घालून दाट करून प्यायलो. सगळ्यात जास्त त्रास त्याचाच झाला. ते पाणी पोटात जातं, पण तहान भागल्यासारखी वाटत नाही. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, हे एक्स-रेखाली मला उपयोगी पडतंय असं पाहूनच सांगितलं होतं. प्रत्येकाला ते चालत नाही, म्हणून वाचून परस्पर करू नका. शिवाय श्वास रोखून गिळायचं, पुन्हा श्वास घेण्याआधी मुद्दाम खोकायचं, मग परत गिळायचं. उताणं झोपून खांदे न उचलता फक्त डोकं वर धरायचं, एक मिनिट, तीनदा. पहिल्या दिवशी मी वीस सेकंदांत खाली पडलो. स्वरयंत्र वर ओढणारे स्नायू त्याने बळकट होतात. दात आणि जीभ बायको रोज माझ्याकडून निगुतीने घासून घ्यायची, कारण लाळ आत गेलीच तर तिच्याबरोबर तोंडातले जंतूही फुफ्फुसात उतरतात. व्यायामाइतकंच श्रेय मी या घासण्याला देतो.

दुसऱ्या तपासणीत साधं, पातळ पाणी दिलं. पहिले दोन घोट सरळ अन्ननलिकेत गेले. तिसरा जरा मोठा घेतला गेला, थेंबभर पुढे निसटला, आणि घशात चरचरून मला जोरदार ठसका लागला. डोळे पुसत मी पडद्याकडे पाहिलं. तो थेंब परत वर येत होता. काचेपलीकडून मॅडम हात उंचावून म्हणाल्या, "लागला!"