अ‍ॅरेचा आकार कुठे हरवतो?

कोड संथ चालतोय अशी तक्रार आली की मी आधी कंपायलरने काढलेला आयआर, म्हणजे मूळ कोड आणि मशीन कोड यांच्या मधलं रूप, उघडतो. त्यात अ‍ॅरे असतील तर शोधतो एकच गोष्ट: त्यांचा आकार, म्हणजे किती ओळी आणि किती स्तंभ, नेमका कुठल्या टप्प्यावर हरवला.

सीमधला १० ओळी आणि २० स्तंभांचा इंट अ‍ॅरे घ्या आणि ए[आय][जे] लिहा. क्लँग या सी कंपायलरला एएसटी, म्हणजे कोडच्या रचनेचं झाड, छापायला सांगितलं तर दोन मितींचा एक नोड मिळत नाही. सबस्क्रिप्टचे दोन नोड निघतात, एकाच्या पोटात दुसरा. मध्ये गुपचूप घातलेला एक कास्ट (प्रकार बदलणारी पायरी) असतो, तो २० इंटांच्या ओळीचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, करतो. म्हणजे सीच्या लेखी द्विमितीय अ‍ॅरे हा अ‍ॅरेंचा अ‍ॅरे, बस्स.

पुढे एलएलव्हीएममध्ये, म्हणजे क्लँगच्या मागे आयआरवर काम करणाऱ्या भागात, याचं गेटएलिमेंटपॉइंटर होतं. नावावरून वाटतं ही सूचना मेमरीतून काहीतरी आणत असेल. ती फक्त पत्ता मोजते, वाचायचं काम नंतरच्या लोडचं. तिच्या सुरुवातीचा शून्य नव्या माणसाला हमखास छळतो. पहिला आकडा पूर्ण अ‍ॅरेच्या उड्या मारतो, म्हणून शून्य म्हणजे 'इथेच थांब', आणि त्यापुढचा आकडा आत शिरतो. इंट ४ बाइटचा असेल तर शेवटी उरतं: मूळ पत्ता, अधिक आय गुणिले ८०, अधिक जे गुणिले ४. यात १० कुठेच नाही! म्हणूनच फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये पहिली मिती न लिहिताही चालतं.

स्तंभांची संख्या एन रनटाइमला ठरणार असेल तर पंचाईत होते. आय गुणिले एन अधिक जे एवढंच हाती उरतं, आणि ऑप्टिमायझरला तर घटकांचे दोन उल्लेख एकाच मेमरीवर धडकतात का हे जाणून घ्यायचं असतं. त्यासाठी एलएलव्हीएममध्ये डीलिनियरायझेशन आहे: सूत्र बघून मिती परत ओळखायच्या. आधी मोडायचं आणि मग तुकडे जुळवत बसायचं. मला हे कधीच पटलेलं नाही.

फोरट्रानवाले यात सुखी. फोरट्रान ९० पासून अख्ख्या अ‍ॅरेंची बेरीज एका ओळीत लिहिता येते, आणि फ्लँग या फोरट्रान कंपायलरचा वरच्या पातळीवरचा आयआर, एचएलएफआयआर, ती तशीच जपतो. त्यातला 'एलिमेंटल' म्हणजे एक आकार आणि 'या इंडेक्सचा घटक कसा काढायचा' याची कृती. मेमरी अजून कुणी मागितलेली नसते. बी + सी * डी मधला गुणाकार बेरजेत विरघळतो, लूप एकच उरतो, मधला तात्पुरता अ‍ॅरे लागतच नाही.

अडतं ते ए(२:१०) = ए(१:९) सारख्या ओळीवर. नियमाप्रमाणे उजवी बाजू आधी पूर्ण मोजायची. सरळ लूप चालवला तर पहिलाच घटक सगळीकडे पसरेल. मग एकतर तात्पुरती प्रत काढायची, नाहीतर लूप उलटा फिरवायचा. दोन्ही बाजूंना पॉइंटर असले, तर ते एकाच मेमरीवर आहेत का हे अनेकदा कंपायलरला ठरवता येत नाही, आणि तो मुकाट प्रत काढतो. मोठ्या अ‍ॅरेवर ती प्रत प्रोफाइलरमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात) दिसली की मी सरळ हाताने लूप लिहितो.